वीज नव्हती

एका हरवलेल्या म्हशीची जाहिरात गेली तीसेक वर्षं माझ्या कपाटात आहे. म्हैस माझी नव्हती. जाहिरात देणारा माणूसही मी कधी पाहिला नाही. वर्तमानपत्राचा वीतभर तुकडा, पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेला. वर ठळक अक्षरांत ‘म्हैस हरवली आहे’, आणि खाली बारीक अक्षरांत वर्णन: रंग काळा, डावं शिंग मोडलेलं, स्वभाव गरीब. माझी नात विचारते, “आजी, म्हशीचा रंग काळा हे छापायची काय गरज होती?” अगदी हाच प्रश्न मी एका माणसाला विचारला होता, तोही नाक वर करून. ते म्हणाले होते, “जे सगळ्यांना दिसतं ते कोणी लिहून ठेवत नाही. याने ठेवलं. हा खरा शास्त्रज्ञ.”

ते म्हणजे आमचे सर. जळगावच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. मूळ गाव नरडाण्याच्या बाजूचं. शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने गावी जायचे, सोमवारी सकाळी परत. उंच, किडकिडीत, आणि सदऱ्याचा खिसा कायम लाल पेन्सिलीने रंगलेला. मनगटावर घड्याळ नाही. प्रवासात नेतात तसं एक छोटं गजराचं घड्याळ रुमालात गुंडाळून पिशवीत. वर्गात आले की रुमाल सोडायचा, घड्याळ टेबलावर, गजर लावायचा, आणि गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी बाहेर. एकदा “म्हणून त्या जिवाणूच्या पडद्याला” इथे गजर झाला. सर गेले. मध्ये दिवाळीची सुटी आली. सुटीनंतर वर्गात आले, फळा पुसला, रुमाल सोडला आणि म्हणाले, “आतून भोक पाडावं लागतं.”

पोरं हसून लोटपोट. मी हसले नाही. मी तेव्हा हसण्याच्या पलीकडे गेलेली बाई होते. वय वर्षं चोवीस! पुण्याहून एम.एस्सी. करून आलेले, पहिल्या वर्गात. बोदवडची जीभ होती, तिला पुण्यात कडक इस्त्री करून आणलेली. कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायची तात्पुरती नोकरी आणि सरांच्या हाताखाली एम.फिल. घरी कापूस आणि केळी. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे मला वाटायचं, जिवाणूंनीसुद्धा मी आले की उठून उभं राहावं. आज ती मुलगी समोर आली तर मी तिला आधी एक टोपलंभर भांडी घासायला देईन, मग बोलेन.

सरांचा ध्यास एकच. जिवाणूंना खाणारे विषाणू. त्यांना फेज म्हणतात. हे फेज कुठे सापडतात? जिथे घाण तिथे. सर गिरणेचं पाणी आणायचे, गुरांच्या डोहातलं आणायचे, आणि धुळ्याला काही कामाला गेले की बसस्टँडमागच्या नाल्यातलं हमखास. काचेच्या बाटल्या, वर कापूस, त्यावर कागद बांधलेला. एकदा नरडाण्याहून येताना गाडीत समोरच्या म्हातारीने बाटली पाहून हात जोडले.

“काय व्हय हाई, दादा? तीर्थ शे का?”

“तीर्थच शे, माय.”

“कथानं?”

“धुळ्यानं.”

“धुळ्याले कोनतं तीर्थ शे?”

“बसस्टँडना मांगे,” सर म्हणाले, अगदी गंभीरपणे. म्हातारीने पुन्हा हात जोडले. हे सरांनीच मला सांगितलं आणि वर म्हणाले, “ती चुकली नाही. त्या पाण्यात जे आहे त्याने कोट्यवधी जिवाणू मरतात. तीर्थाकडून लोकांची याहून काय अपेक्षा असते?”

तर त्या तीर्थातून सरांना एक फेज मिळाला होता. आमचं सगळं काम त्याच्यावर. काम सांगायला सोपं आहे. फ्लास्कमध्ये जिवाणू वाढवायचे. पातळ ताकासारखं गढूळ दिसतं. त्यात फेज टाकायचा आणि फ्लास्क शेकरवर हलत ठेवायचा, म्हणजे हवा मिळत राहते. फेज जिवाणूत शिरतो आणि आत बसून स्वतःची पिलावळ करतो. बाहेरून काही कळत नाही. ताक ते ताकच. दहा मिनिटं, वीस, तीस, चाळीस. आणि अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास बघता बघता ताकाचं पाणी होतं. सगळे जिवाणू एकदम फुटलेले असतात आणि पिलावळ बाहेर.

एकदम का? पहिला पस्तिसाव्या मिनिटाला आणि शेवटचा तासाने, असं का नाही? हेच सरांचं वेड. जिवाणूची भिंत कापायला फेजकडे एक कातर असते, पण ती आत अडकलेली. भिंतीच्या आत एक पातळ पडदा असतो, त्याच्यापलीकडे कातरीला जाता येत नाही. तर हा फेज आणखी एक चिमुकलं प्रथिन तयार करतो. ते येऊन पडद्यात बसतं. एक बसतं, दुसरं बसतं, शेकड्यांनी बसतात. काही करत नाहीत. गपचिप. आणि ठरलेल्या मिनिटाला सगळे मिळून पडद्याला भगदाड पाडतात. कातर सुटते. खेळ खलास.

सर त्यांना ‘आतले चोर’ म्हणायचे. पुढे परदेशातल्या एका नियतकालिकाचा अंक त्यांच्या मित्राने पाठवला, नेहमीसारखा सहा महिने शिळा, त्यात या सगळ्या घराण्याला होलिन असं नाव दिलेलं होतं. सरांना नाव आवडलं नाही. “बारसं परक्यांनी केलं,” म्हणाले, आणि चोरच म्हणत राहिले.

त्यांच्या खिशात एक काचमण्यांची माळ असायची, बाजारात लहान पोरींसाठी मिळते तशी. शंभराच्या आसपास मणी, बहुतेक पिवळे. हे प्रथिन एवढंच असतं, शंभरेक मण्यांची माळ. सर कुणालाही थांबवून दाखवायचे, चहावाल्यालासुद्धा. “यातला हा एक पिवळा मणी काढा, निळा घाला. बाकी सगळं तेच. पण फुटायची वेळ बदलते. वीस मिनिटं आधी फुटेल नाहीतर अर्धा तास उशिरा. एक मणी!” चहावाला म्हणायचा, “मंग सर, साखर कमी टाकू का?”

आता ती म्हैस. फ्लास्क किती गढूळ आहे हे मोजायला विभागात कलरीमीटर होता. नळी आत ठेवायची, बटण दाबायचं, काटा आकडा दाखवतो. मला तो फार प्रिय. सरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण ते आकडा घेतला तरी दर वेळी तो म्हशीचा पुठ्ठा फ्लास्कमागे धरायचे आणि पुढून बघायचे. ताकातून काय दिसणार? काळपट धूसर. पण फुटायची वेळ आली की आधी ठळक ओळ वर यायची, पाण्याखालून कुणी वर यावं तशी, मग शिंग, मग स्वभाव. ठळक ओळ वाचता आली की सर ओरडायचे, “म्हैस सापडनी!” दर वेळी. वर्षभरात मी हे शंभर वेळा तरी ऐकलं असेल आणि शंभर वेळा मनात म्हटलं असेल, देवा, मला पुण्यातच का नाही मरू दिलंस.

याच काळात मला बघायला यावलची मंडळी येणार होती. बोदवडला घरी येणार असं ठरलेलं. पण मुलाचे वडील कसल्याशा कामाला जळगावात आले आणि म्हणाले, मुलगी शिकवते कशी ते तरी पाहू. मुलाला घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात उभे. धोतर, टोपी, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. मी फ्लास्कशी उभी, ॲप्रनवर डाग, केस विस्कटलेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सर पुढे झाले. “बसा आबा. मुलगी बावीस मिनिटं येणार नाही.”

“का बरं?”

“तिची म्हैस हरवली आहे.”

मी ओठ चावला. लग्न मोडलं, हे मी तिथेच मनात लिहून टाकलं. पण आबा स्टुलावर बसले आणि म्हणाले, “मंग सांगा तं खरं, कशी हरवली?” आणि सरांनी बावीस मिनिटं त्यांना चोरांची गोष्ट सांगितली, मण्यांसकट. पुठ्ठ्यावरची ओळ दिसली, सर ओरडले, आणि मग आबा म्हणाले, “मंग हे तं केळीच्या घडासारखंच झालं भाऊ. लवकर कापला तं बारीक राहतो, कोणी घेत नाही. उशीर केला तं झाडावरच पिकते, गाडीत बसेपर्यंत काला होते. कापायचा दिवस एकच असते.”

सरांनी घड्याळ रुमालात बांधलं. मला म्हणाले, “तुला हे समजायला किती महिने लागले?” मी फ्लास्क उचलला. “आबांना बावीस मिनिटं.”

जाताना मुलगा एवढंच म्हणाला, “म्हैस छान आहे.” लग्न ठरलं. पुढे याच माणसाबरोबर मी आयुष्य काढलं, आणि त्या वाक्यातली म्हैस कोणती, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता ते सांगायला हवं, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. म्हशीच्या आड किती वेळ लपणार?

साखरपुडा ठरला. लग्न जूनमध्ये, थिसिस मेमध्ये द्यायचा, आणि जूनच्या अखेरीस सर निवृत्त होणार. लग्नानंतर थिसिस पुरा केलेली बाई मी तरी आमच्याकडे पाहिली नव्हती, तेव्हा मेमध्ये म्हणजे मेमध्येच. सरांच्या बाटल्या ज्या फ्रीजमध्ये होत्या तो विभागाला दुसऱ्या कामासाठी हवा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. वीस वर्षांत सरांच्या नावावर एक लेख नव्हता. माझा थिसिस हाच काय तो कागद. तो झाला तर बाटल्या राहणार, नाही झाला तर त्यांचं तीर्थ परत नाल्यात.

आणि उन्हाळ्याची वीज. दुपारी जायची. त्या दिवशी मी पावणेदोनला फेज टाकला. सव्वादोनला वीज गेली. शेकर बंद पडला, पंखा बंद पडला, फ्लास्क निपचित. मला संध्याकाळच्या आत बोदवडला पोचायचं होतं, आई आणि मावशी शालू निवडायला माझ्यासाठी खोळंबल्या होत्या. म्हटलं पाच मिनिटं वाट बघू. पाच-सात मिनिटांनी बघते तर ताकाचं पाणी! अठ्ठेचाळीस कुठे आणि हे कुठे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. फेज जास्त पडला, नाहीतर फ्लास्क धुताना साबण राहिला. पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलीचं चुकतं, हे वहीत कसं लिहायचं? मी फ्लास्क मोरीत ओतला. आदल्या दिवशीचे आकडे समोर होते. इकडे तिकडे एखादा बदलला, दर पाच मिनिटांनी एक, सुबक अक्षरात, आणि शेवटी अठ्ठेचाळीस. मग स्टेशन गाठलं. शालू जांभळा घेतला. अजून आहे, मला तो कधी नेसवला नाही.

असं एकदा नाही केलं. पंधरा दिवसांत तीनदा केलं. दुसऱ्या वेळी पेन कुठे अडखळलं नाही, हे मला आज जास्त आठवतं.

एका दुपारी सरांनी मला बोलावलं. समोर माझी वही, बाजूला त्यांची खिशातली डायरी. सर त्या डायरीत काय वाट्टेल ते टिपायचे: चहा उकळायला किती वेळ लागला, पॅसेंजर अमळनेरला किती थांबली, वीज कधी गेली, कधी आली. मी त्या डायरीला आजवर हसले होते.

“या दिवशी,” ते म्हणाले, “वीज सव्वादोनला गेली, पावणेचारला आली.”

“हो सर.”

“आणि दोन पंचवीसला तू कलरीमीटरचा आकडा घेतला आहेस.”

मी वही पुढे ओढून तो आकडा पाहिला.

“कशावर चालवला? गोवऱ्यांवर?”

तीनही दिवस तसेच. विजेशिवाय न चालणाऱ्या यंत्रावर मी विजेशिवाय आकडे घेतले होते. असली चूक करायला शिकलेलंच असावं लागतं. अडाणी माणसाला जमणार नाही. मी रडायला लागले. सरांनी रडू दिलं. मग विचारलं, “काय झालं होतं खरं?”

“लवकर फुटलं, सर. माझंच काहीतरी…”

सर एकदम उभे राहिले. “लवकर म्हणजे किती? वीज गेल्यावर किती मिनिटांनी?”

“पाच… सात…”

“पाच की सात?”

“आठवत नाही.”

“तिन्ही वेळा?”

“बघितलं नाही नीट. ओतून टाकलं.”

सर हळूच बसले. मला वाटलं होतं ते माझ्या खोटेपणावर बोलतील. ते त्यावर बोललेच नाहीत. माळेचे मणी ओढू लागले. मग म्हणाले, “हवा तोडली की आपले चोर वेळेआधी उठतात का, एवढंच मला बघायचं होतं, किती वर्षं. परदेशात त्यासाठी विष घालतात. मी सायनाइड मागितलं, इथे पोरांच्या प्रयोगशाळेत कोण ठेवू देणार? बरोबरच आहे. आणि तुला ते आपोआप दिसलं. तीनदा.” मग खिडकीकडे बघत, स्वतःशीच: “तीनदा मोरीमा.”

सर शिव्या देत नसत. दिल्या असत्या तर मला आयुष्यभर बरं झोपता आलं असतं.

त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि त्या तिन्ही पानांवर आडवं दोनच शब्द लिहिले: वीज नव्हती. मग म्हणाले, “दोन वाटा आहेत. ही पानं फाड. बाकीचं खरं आहे, तेवढ्यावर मेमध्ये दे, मी सही करतो. किंवा पानं राहू दे आणि हवा तोडून पहिल्यापासून कर. मग दिवाळी उजाडेल. तोवर मी घरी. थिसिसवर मार्गदर्शक म्हणून नाव दुसऱ्याचं येईल.”

“तुम्ही सांगा सर.”

“मी सांगणार नाही. वेळ झाली का ते पडद्यातल्यांना कळतं, बाहेरच्याला नाही.”

वही घेऊन मी बोदवडच्या गाडीत बसले. भुसावळपर्यंत पानांच्या कडा बोटात धरून होते. फाडायला किती वेळ लागतो? लाल शब्द नसते तर मी फाडली असती, हे कबूल करते. पण त्या शब्दांसकट ती पानं माझ्या वहीतली सगळ्यात खरी पानं झाली होती. मी ती फाडली असती तर फक्त खरं फाडलं असतं.

घरी काही बोलले नाही. पोस्टकार्ड घेतलं आणि यावलला लिहिलं, थेट आबांना. तेव्हा मुलीने होणाऱ्या सासऱ्याला पत्र टाकणं म्हणजे मावशीच्या शब्दांत ‘पोर हातची गेली’. लिहिलं, माझ्याकडून चूक झाली आहे, काम पुन्हा करायचं आहे, लग्न पुढे ढकलावं, न पटल्यास तसं कळवावं. आठ दिवसांनी उत्तर आलं. पेन्सिलीने, एकच ओळ. “घड भरू द्या. आम्ही थांबतो.”

आता माझ्या अकलेचा आणखी एक नमुना. पहिल्यापासून प्रयोग सुरू केला आणि मी वीज जायची वाट बघत बसले. पावणेदोनला फेज टाकायचा, दारात उभं राहायचं, पंख्याकडे बघायचं. आणि त्या आठवड्यात वीज जाईना! सगळं जळगाव खूश, एकटी मी दुःखी. चौथ्या दिवशी सर आले.

“काय करी राहिनी व माय?”

“वीज जायची वाट बघते, सर.”

सर शेकरपाशी गेले. बटण बंद केलं. शेकर थांबला. पंखा चालू, कलरीमीटर चालू. “वाट कसाले पाहस?” म्हणाले. “बटन तुनाच हातमा शे.”

आजही फोन बिघडला, नातीशी भांडण झालं, की मला ते बटण आठवतं.

जूनमध्ये सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी घड्याळ लावलं आणि गजर झाल्यावर आभार अर्धे ठेवून खाली बसले. माझ्या थिसिसवर दुसऱ्या एका तरुण सरांचं नाव लागलं. आमचे सर मात्र दर मंगळवारी पॅसेंजरने यायचे आणि दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. कशाला हात लावायचे नाहीत. “आता मी पाहुणा,” म्हणायचे. फक्त पुठ्ठा आणायचे.

दहाव्या मिनिटाला हवा तोडली तर काही होत नव्हतं. विसाव्याला किंचित. तिसाव्याला तोडली की सहा-सात मिनिटांत म्हैस. फेज न घालता तोडली तर ताक ते ताक. पंधरा आठवडे मी एवढंच केलं आणि या वेळी प्रत्येक आकडा मी खरंच पाहिला. कंटाळा यायचा. पण पाहिलेल्या आकड्याचं अक्षर वेगळं येतं, तिरकं, घाईचं. माझं सुबक अक्षर गेलं ते गेलंच.

तोंडी परीक्षा हिवाळ्यात झाली, प्रयोगशाळेतच. बाहेरगावचे परीक्षक, सूट, घाईत; त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची. नवे सर शेजारी. आमचे सर दाराजवळच्या स्टुलावर. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. परीक्षक थिसिस चाळत होते. परिशिष्टात मी ती तीन पानं जशीच्या तशी लावली होती. ते तिथे थांबले.

“हे काय? वीज नव्हती?”

“त्या तीन दिवशी मी आकडे पाहिले नाहीत, सर. बनवून लिहिले.”

नव्या सरांनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी थिसिस टेबलावर ठेवला. “म्हणजे तुम्ही खोटं लिहिता हे तुम्हीच छापलं आहे. मग बाकीची दीडशे पानं खरी कशावरून?”

अगदी रास्त प्रश्न. मी त्याचं उत्तर पाठ केलं होतं, चांगलं लांबलचक. ते एकदम आटलं. मी म्हणाले, “आत्ता दाखवते. पाऊण तास लागेल.”

“माझी गाडी आहे.”

“पाऊण तासाहून एक मिनिटही जास्त नाही.”

त्यांनी घड्याळ बघितलं आणि बसले. जिवाणू सकाळपासून वाढत ठेवलेले होतेच, सवयीने. फेज टाकला, शेकर लावला, आकडे घेत गेले. तिसाव्या मिनिटाला बटण बंद करणार, असं त्यांना सांगून ठेवलं. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पंखा थांबला.

वीज गेली होती.

शेकर आपोआप थांबला. कलरीमीटरचा काटा पडला. नवे सर घाईने म्हणाले, “राहू द्या आता, सर. यंत्रच बंद पडलं, कसं मोजणार?” परीक्षक उठू लागले. मला दिसलं, सगळं आता त्या दाराबाहेर चाललं आहे: माझी पानं, बाटल्या, आबांची थांबलेली तारीख. मी म्हणाले, “बसा सर. आता तर सुरू झालं.” आवाज मोठा निघाला, आणि इस्त्री न केलेला.

मी फ्लास्क खिडकीत नेला. मागे काय धरायचं? तेव्हा दाराजवळचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. सर आले, रुमाल सोडून घड्याळ खिडकीत ठेवलं, आणि पुठ्ठा फ्लास्कमागे धरून उभे राहिले. 

एक मिनिट. दोन. ताक. तीन. परीक्षकांनी चष्मा बदलला आणि वाकले. चार. मला वाटलं, आज नाही. आज चोर झोपले. पाच. सहा. पुठ्ठ्याच्या जागी काळपट होतं, त्यात काहीतरी जाड आडवं आलं.

परीक्षक पुटपुटले, “म…”



“म्हैस,” ते वाचू लागले, शाळकरी पोरासारखे, एकेक अक्षर, “ह-र-व-ली आहे.” मग मान वर करून: “कोणाची?”

“सापडनी,” सर हळूच म्हणाले.

परीक्षकांनी सही केली. जाताना त्यांनी सरांना नाव विचारलं. सर म्हणाले, “पाहुणा.” मग घड्याळ रुमालात बांधलं आणि जिना उतरू लागले, त्यांची पॅसेंजर होती. पुठ्ठा खिडकीतच राहिला होता. मी कठड्यावरून हाक मारली, “सर, तुमची म्हैस!”

त्यांनी वर पाहिलं नाही. “राहू दे. तुले लागी.”

फ्रीज दुसऱ्या कामाला गेला नाही. लग्न पुढच्या वसंतात झालं. पण त्या दुपारी सर गेल्यावर मी परत खिडकीशी आले. वीज अजून आली नव्हती. वही उघडली. आकड्याच्या रकान्यात आकडा नव्हता, तो रिकामाच ठेवला, आणि समोर माझ्या तिरक्या, घाईच्या अक्षरात लिहिलं: वीज नव्हती. डोळ्यांनी पाहिलं.